धरणे आणि सोडणे : लहान धातुकामातील तात्पुरती पकड व तिची परिभाषा

कोणत्याही वस्तूवर हत्यार चालवावयाचे म्हणजे प्रथम ती वस्तू स्थिर धरली पाहिजे. लोहार सांडशीने धरतो, फिटर व्हाइसमध्ये आवळतो, कातारी लेथच्या चकात बसवतो. ह्या तिन्ही पकडी दाबाच्या आहेत. वस्तू पुरेशी जाड व भक्कम असेल तोपर्यंत दाबाची पकड उत्तम काम देते. परंतु कागदाहून थोडा जाड असा चांदीचा पत्रा, अंगठीचे कोंदण किंवा हातघड्याळाच्या तोलचक्राची आस ह्या वस्तू दाबाने धरू गेल्यास वाकतात, चेपतात अगर निसटून जातात. अशा वस्तू चिकटवून धरण्याची युक्ती फार जुनी असून ती सोनार, जडावकाम करणारे व घड्याळजी ह्यांच्या हाती आजही आहे.

ह्या युक्तीकडे सामान्यतः कारागिरीतील एक किरकोळ सोय म्हणून पाहिले जाते. वास्तविक तिच्यात एक स्वतंत्र तत्त्व आहे. येथे चिकटद्रव्याचे काम जोडणे हे नसून, काम चालू असेतो धरणे व काम संपताच सोडणे हे आहे. हा भेद कारागिराच्या बोलण्यात स्पष्ट असतो, पण मराठीतील तांत्रिक परिभाषेत तो पुसला जाण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम ह्या पकडीची कार्यपद्धती सांगून नंतर तिच्या शब्दांचा विचार केला आहे.

१. दाबाची पकड व चिकटपणाची पकड

दाबाच्या पकडीचा दोष एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. पितळेचे एक पातळ कडे तीन जबड्यांच्या चकात आवळले असता त्यावर तीन ठिकाणी दाब पडतो. त्या तीन जागी कडे किंचित आत दबते व मधल्या तीन जागी बाहेर फुगते. ह्या स्थितीत त्याचे छिद्र आतून कातले तर ते चकात असेपर्यंत अगदी गोल असते. जबडे सैल करताच कडे आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि गोल कातलेले छिद्र तिकोनी होते. कातण्यात चूक नव्हती, चूक धरण्यात होती.

हेच कडे एका सपाट पितळी चकतीवर चिकटवून धरले तर दाब कोठेच पडत नाही. पकड तीन बिंदूंवर एकवटलेली नसून मागील संपूर्ण पृष्ठावर सारखी पसरलेली असते, आणि समोरची सर्व बाजू हत्याराला मोकळी मिळते.

मात्र अशा पकडीला मर्यादा आहे व ती वस्तूच्या आकाराबरोबर झपाट्याने बदलते. समजा, चिकटद्रव्याची कर्तनसामर्थ्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला २ न्यूटन आहे. १० मिलिमीटर व्यासाची चकती पूर्ण पृष्ठाने चिकटवली तर तिच्या कडेवर सुमारे १०५ न्यूटन बल लागेपर्यंत ती फिरून सुटणार नाही. व्यास २ मिलिमीटर केला की हेच बल ४ न्यूटनांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमच्या वजनाहूनही कमी उरते. व्यास एक-पंचमांश झाला, पण पकड एक-पंचविसांश झाली. म्हणून वस्तू जितकी लहान तितका काप हलका घ्यावा लागतो. शिवाय हे सामर्थ्य घसरण्याच्या दिशेचे आहे. त्याच चकतीच्या कडेखाली पाते घालून ती उचलली तर सर्व बल एका रेषेवर येते व फार थोड्या जोराने ती निघते. काम चालू असताना हा दोष वाटतो, काम संपल्यावर तोच गुण ठरतो.

२. राळ : पत्र्याची पकड

ह्या पकडीचा सर्वांत जुना व व्यापक उपयोग उठावकामात आढळतो. चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मागून ठोकून आकृती फुगवणे व पुढून बोथट छिन्न्यांनी तिची रेखा आखणे, असे ह्या कामाचे स्वरूप असते. पत्र्याखाली लाकूड ठेवले तर पत्रा उसळतो आणि लोखंड ठेवले तर तो दबत नाही. आवश्यकता असते ती ठोक्याखाली थोडे सरकेल, पण पत्र्याला सोडणार नाही अशा आधाराची. राळेचे मिश्रण हा तो आधार होय.

बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस ह्या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने कारागिरीवर जो लॅटिन ग्रंथ रचला त्यात अशा मिश्रणाची कृती आहे. विटेची किंवा कौलाची बारीक पूड, डांबरासारखी राळ व थोडे मेण हे त्यातील घटक होत. फ्लॉरेन्सचा सोनार व शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी ह्याने १५६८ साली प्रसिद्ध केलेल्या सुवर्णकामावरील ग्रंथातही राळ, विटेची पूड व मेण हीच सामग्री दिसते. भारतीय कारागीर मेणाऐवजी बहुधा तेल घालतात. मिश्रणाचे तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे. राळ चिकटते पण ठिसूळ असते, मेण किंवा तेल तिला नरमाई देते, विटेची पूड तिला अंग देते व थंड होताना तिचे आकसणे कमी करते. हे प्रमाण एकदा ठरवून कायमचे भागत नाही. उन्हाळ्यात मिश्रण नरम पडते म्हणून पूड वाढवावी लागते, हिवाळ्यात ते तडकते म्हणून तेल वाढवावे लागते. कृती लिहून ठेवली तरी ऋतू लिहून ठेवल्याशिवाय ती अपुरी राहते.

पत्रा बसवण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. राळ वरून तापवून मऊ करतात, पत्राही किंचित ऊन करतात आणि एका कडेने टेकवीत दुसऱ्या कडेकडे दाबत नेतात, म्हणजे मधली हवा निघून जाते. हवेचा फुगा आत राहिला तर त्या जागी पत्र्याला आधार नसतो व ठोका बसताच पत्रा फाटतो. आधार नसलेली जागा आवाजावरून ओळखू येते. भरीव जागेवरील ठोक्याचा आवाज बसका असतो, पोकळ जागेवरील आवाज वेगळा वाजतो.

ठोकून ठोकून धातू कठीण होतो. तो तसाच ठोकत राहिल्यास चिरतो, म्हणून पत्रा राळेवरून उचलून, तापवून मऊ करून पुन्हा राळेवर बसवावा लागतो. खोल उठावाच्या कामात हे आवर्तन अनेक वेळा होते. यावरून असे दिसून येईल की, राळेने धरणे जितके आवश्यक आहे तितकेच वेळेवर सोडणेही आवश्यक आहे. पत्रा कधीच न सोडणारे अत्यंत बळकट चिकटद्रव्य ह्या कामाला निरुपयोगी होय, कारण त्यावर दुसरी फेरी करताच येणार नाही.

३. लाख : पदार्थ व शब्द

लहान वस्तूंसाठी राळेपेक्षा लाख अधिक सोयीची असते. लाख ही वनस्पतीची राळ नव्हे. केरिया लॅक्का नावाचा सूक्ष्म कीटक पळस, बोर, कोशिंब ह्यांसारख्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसाहत करून आपल्याभोवती जे राळेसारखे कवच तयार करतो, ती लाख. झारखंड व छत्तीसगढ हे तिच्या उत्पादनाचे प्रमुख प्रदेश असून महाराष्ट्रात गोंदियाच्या बाजूस ती होते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, ह्यावरून तिचे व्यापारी महत्त्व ध्यानात येईल. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन, वितळवून व गाळून तिचे पातळ पापुद्रे करतात. हा चपडा होय.

लाकडी दांडीच्या टोकावर लाखेचा गोळा बसवावयाचा, तो ऊब देऊन मऊ करावयाचा, त्यात अंगठी किंवा कोंदण अर्धे रुतवावयाचे व थंड होऊ द्यावयाचे, म्हणजे हातात धरता न येणारी वस्तू दांडीच्या रूपाने मुठीत येते. पोकळ अलंकारांत लाखेचे काम उलट बाजूने चालते. बोरमाळेचे मणी किंवा कोल्हापुरी साजातील घडीव भाग पातळ पत्र्याचे असल्यामुळे त्यांच्या पोकळीत लाख भरून त्यांना आतून आधार देण्याची रीत आहे. येथे लाख काम संपल्यावरही आतच राहते, व म्हणूनच असा दागिना मोडीत काढताना लाखेचे वजन वेगळे धरावे लागते.

शब्दाच्या दृष्टीने ‘लाख’ मोठा उद्बोधक आहे. मराठीत दोन समोच्चारी शब्द आहेत : संख्यावाचक ‘लाख’ हा संस्कृत ‘लक्ष’ ह्यापासून, आणि पदार्थवाचक स्त्रीलिंगी ‘लाख’ हा ‘लाक्षा’ ह्यापासून आला. प्राकृतात संयुक्त व्यंजन ‘क्ख’ झाले, पुढे ते सुटे झाले व दोन्ही शब्द एका रूपावर येऊन मिळाले. लक्षावधी किड्यांपासून मिळते म्हणून ती लाख, ही लोकप्रिय व्युत्पत्ती ह्या योगायोगातून उद्भवली आहे. संस्कृतात ‘लाक्षा’बरोबर ‘राक्षा’ हे रूपही आहे व त्यावरून हा शब्द रंगवणे ह्या अर्थाच्या ‘रञ्ज्’ धातूच्या कुळातील असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे नाव पडले ते लाखेतील तांबड्या रंगावरून. तिची चिकटण्याची शक्ती नावात नाही. ‘अलक्तक’ ह्यापासून आलेला मराठी ‘अळता’ हाही त्याच रंगाचा वारस होय.

चिकटपणाचे नाव दुसऱ्या शब्दाकडे होते. ते ‘जतु’. महाभारतातील ज्या घराला लौकिकात लाक्षागृह म्हणतात, त्याचे ग्रंथातील नाव जतुगृह असे आहे. ‘जतु’चे सगोत्र शब्द युरोपीय भाषांत राळ, डिंक, डांबर अशा अर्थांनी आढळतात. लॅटिनमधील ‘बिटुमेन’ हा त्यांपैकीच मानला जातो. अमरकोशात लाक्षेच्या पर्यायांत ‘द्रुमामय’ म्हणजे झाडाचा रोग असाही एक शब्द आहे. तो पाहता लाखेच्या उत्पत्तीकडे जुन्यांचे लक्ष होते असे म्हणावयास हरकत नाही.

प्राकृत ‘लक्खा’ फारसी-अरबी व्यापारामार्गे पश्चिमेस गेली. पोर्तुगीज भाषेत तिच्यावरून मोहोर उठवण्याच्या लाखेला ‘लाक्रे’ हे नाव मिळाले, तर इंग्रजीत ‘लॅक’ आणि पापुद्र्यांच्या लाखेसाठी ‘शेलॅक’ हे शब्द रूढ झाले. त्यामुळे आज मराठी घड्याळजी ज्या द्रव्याला इंग्रजी वळणाने ‘शेलॅक’ म्हणतो, त्यातील उत्तरपद त्याच्याच भाषेतील ‘लाख’चे दूरचे भावंड आहे.

मराठीत ‘लाखे’वरून झालेला ‘लाखोटा’ हा शब्द येथे तुलनेस घेता येईल. लखोट्यावरील लाख फोडल्याशिवाय पत्र बाहेर येऊ नये व फोडल्याची खूण राहावी, हा तिचा हेतू. सोनाराच्या दांडीवरील लाखेचा हेतू नेमका उलट : वस्तू सुटावी व तिच्यावर खूण राहू नये. द्रव्य तेच, पण एका ठिकाणी ते फोडावयाचे असते व दुसऱ्या ठिकाणी ते सोडवून घ्यावयाचे असते.

४. घड्याळजीचा चपडा

लाखेच्या पकडीचे सर्वांत नाजूक रूप घड्याळजीच्या लेथवर दिसते. हातघड्याळाच्या तोलचक्राच्या आसेची टोके सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची असतात. आसेचे एक टोक पुरे करून झाले की ती उलटी बसवून दुसरे टोक कातावे लागते, आणि ही दोन्ही टोके एका अक्षावर आली नाहीत तर घड्याळ बरोबर चालत नाही. पुरे झालेले टोक चकात आवळले तर ते मोडेल, म्हणून घड्याळजी पितळी चकाच्या तोंडात शंकूच्या आकाराचा खळगा कोरतो, त्यात चपडा वितळवतो, आसेचे पुरे झालेले टोक खळग्याच्या तळाशी टेकवतो व लेथ सावकाश फिरवीत लाकडाच्या टोकदार काडीने आस हळूच दाबत राहतो. डगमगणारी आस हळूहळू स्थिर फिरू लागते. ती तशी फिरत असतानाच चपडा निवतो व पकड कायम होते.

ह्या कृतीत महत्त्वाची अवस्था वितळलेलीही नाही व कडकही नाही. ती दोहोंमधील मऊ अवस्था होय. चपडा एकदम कठीण होत नाही, तो क्रमाने घट्ट होतो. त्या मधल्या अवकाशात वस्तू हलवता येते व हलवली तेथे राहते. चूक आढळल्यास पुन्हा ऊब देऊन ती सुधारता येते. पकड ही येथे एका क्षणात घडणारी घटना नसून कारागिराच्या ताब्यातील एक कालावधी आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. चपडा सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळतो. पाणी दिलेले पोलाद निळ्या रंगावर येते ते २९० अंशांच्या पुढे. ह्या दोन तापमानांत मोठे अंतर असल्यामुळे चपडा वितळवताना पोलादाचे पाणी उतरण्याचे भय नसते. उलट, काप जाड घेतला तर घर्षणाची उष्णताच चपड्याला मऊ करील, म्हणून काप हलका असावा लागतो. काम झाल्यावर उरलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून काढतात. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे : चपडा फार वेळ किंवा फार जोराने तापवला तर त्यात रासायनिक बदल होऊन तो पुन्हा वितळत नाही व स्पिरिटमध्येही नीट विरघळत नाही. अतिरिक्त उष्णतेने तात्पुरत्या पकडीची कायमची पकड होते.

५. नवे द्रव्य

१९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅरी कूव्हर व त्यांचे सहकारी काम करीत असताना सायनोॲक्रिलेट ह्या द्रव्यांचा अतिचिकटपणा प्रथम त्रासदायक म्हणून नजरेस आला. १९५१ मध्ये त्याचे मोल ओळखले गेले व १९५८ मध्ये ते बाजारात आले. भारतात ते फेविक्विक ह्या व्यापारी नावाने घरोघरी माहीत आहे. हवेतील व पृष्ठावरील आर्द्रतेच्या अल्प अंशाने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात व काही सेकंदांत पकड बसते.

लहान धातुकामात ह्याचा उपयोग पुष्कळ होतो, व तो अयोग्य नव्हे. सपाट कातलेल्या पितळी चकतीवर पातळ पत्र्याचा तुकडा ह्याने चिकटवून कातता येतो. थर अतिशय पातळ असल्याने जाडीचे मापही फारसे बिघडत नाही. सोडवण्यासाठी ॲसिटोन किंवा उष्णता वापरतात. तापवताना झोंबणारी वाफ निघते, म्हणून हवा खेळती असावी लागते. घसरण्याच्या दिशेने हे द्रव्य लाखेपेक्षा फार बळकट आहे. आघात व कडेने उचलणे ह्यांपुढे मात्र ते कमजोर ठरते.

तथापि त्यात एक उणीव आहे व ती आकड्यांत दिसत नाही. त्याला मधली मऊ अवस्था नाही. वस्तू जेथे टेकली तेथे ती बसली. त्यामुळे जेथे मागच्या सपाट पृष्ठावरूनच जागा निश्चित होते तेथे हे द्रव्य चांगले काम देते. जेथे वस्तू फिरवून, पाहून, सारून मध्यावर आणावयाची असते तेथे चपड्याला ते पर्याय होत नाही. पत्र्याला ठोक्याखाली सरकता आधार देण्याचे राळेचे काम तर त्याला मुळीच जमणार नाही.

६. परिभाषेचा प्रश्न

शास्त्रीय मराठीत अशा सर्व द्रव्यांना ‘आसंजक’ ही संज्ञा आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती योग्य आहे, कारण लाख, राळ, सरस व सायनोॲक्रिलेट ह्यांचा पृष्ठाशी येणारा संबंध तिने एका वर्गात बसतो. परंतु ह्या संज्ञेने ओळखले जाणारे द्रव्य जितके बळकट तितके चांगले, असे वाचकाला सहजच वाटते. बळकटीचे कोष्टक समोर ठेवून विद्यार्थी सर्वांत मोठ्या आकड्याचे द्रव्य निवडतो, वस्तू उत्तम कातली जाते आणि सोडवताना वाकते. अशा वेळी दोष हाताचा नसून निवडीचा असतो, आणि निवडीच्या मुळाशी एक शब्द असतो.

बोलीची व्यवस्था ह्याहून सूक्ष्म आहे. मराठीत ‘चिकटवणे’ ह्या क्रियेची इष्ट समाप्ती चिकटलेले राहणे ही आहे. चिकटवलेले सुटले तर तो दोषच. ‘डाख देणे’ व ‘झाळणे’ ही क्रियापदे तर कायमच्या सांध्याचीच आहेत. ‘धरणे’ व ‘सोडणे’ ह्या जोडीचा स्वभाव वेगळा आहे. कापड रंग धरते व रंग सोडते, त्याचप्रमाणे लाख धरते व लाख सोडते. येथे कर्ता कारागीर नसून द्रव्य आहे, आणि दोन्ही क्रिया त्याच्या गुणात मोडतात. ‘सोडले’ हे गुण की दोष, हे वेळेवरून ठरते : काम चालू असता सोडले तर नुकसान, काम झाल्यावर सोडले तर सिद्धी. थिओफिलसच्या ग्रंथातही राळेच्या मिश्रणाला पदार्थावरून नाव न देता ‘टेनॅक्स’, म्हणजे धरून ठेवणारे, असे म्हटले आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांतील भाषा एकाच क्रियेवर येऊन थांबल्या, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तेव्हा मराठीत ‘धारक द्रव्य’ व ‘जोडद्रव्य’ असा भेद परिभाषेत ठेवणे कठीण नाही. दोन्ही ‘आसंजका’चेच प्रकार म्हणून नोंदता येतील.

शब्दसंग्रहाच्या पद्धतीविषयीही येथून एक निष्कर्ष निघतो. व्यवसायांच्या शब्दसंग्रहात नामांना अग्रस्थान मिळणे स्वाभाविक असते : हत्यार दाखवावे, नाव विचारावे, नोंद करावी. ह्या पद्धतीने ‘लाख’, ‘राळ’ व ‘चपडा’ हे तिन्ही शब्द हाती येतील आणि पकडीचे ज्ञान मात्र हातातून निसटेल, कारण ते नामात नसून क्रियापदात, क्रियाविशेषणात, ऋतूत व आवाजाच्या वर्णनात साठवलेले आहे. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘ह्याला काय म्हणतात?’ एवढ्यावर न थांबता ‘बसली हे कसे कळते?’, ‘कधी सोडावी?’, ‘पावसाळ्यात काय बदलता?’ हे प्रश्न विचारले पाहिजेत, आणि उत्तरे संपूर्ण वाक्यांत, बोलणाऱ्याच्या उच्चारात टिपली पाहिजेत. शक्य तेथे ठोक्याचा आवाजही ध्वनिमुद्रित करावा, कारण ‘बसका’ ह्या विशेषणाचा अर्थ त्या आवाजावाचून पुरा होत नाही.

ठोकीव पत्र्याची जागा अनेक ठिकाणी यंत्राच्या ठशाने घेतली आहे व यांत्रिक घड्याळे दुरुस्त करणारे थोडे उरले आहेत. लाख बाजारात मिळत राहील, चपडाही मिळेल. पण तो केव्हा मऊ म्हणावा व केव्हा निवाला म्हणावा, हे सांगणारी वाक्ये त्या माणसांबरोबरच जातील. ती आज टिपून घेता येतात. हे काम भाषाविभागाच्या आवाक्यातील आहे आणि ते इतर कोणाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.